व्हेजिटेरियन चिलीचा डबा: दहावा हिस्सा ऊर्जा, तिसरा हिस्सा मीठ

गेल्या हिवाळ्यात लागोपाठ दोन तपासण्यांमध्ये माझ्या रक्तदाबाचा वरचा आकडा १३८ च्या खाली येईना, तेव्हा डॉक्टरांनी औषधाचे नाव काढण्याआधी एकच प्रश्न विचारला: दुपारी काय खाता? मी अगदी निःशंकपणे सांगितले, की आठवड्यातून चार दिवस व्हेजिटेरियन चिलीचा एक डबा गरम करून खाते. त्यात घेवडा, म्हणजे राजम्यासारखे दाणे, आहे, टोमॅटो आहे, मांस नाही, चरबी जवळजवळ नाही, आणि दुपारी चारला भूकही लागत नाही. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी डबा घेऊन या, आपण मागची बाजू एकत्र वाचू. त्या वाचनाने मला जे शिकवले ते मी त्यानंतरच्या वर्षभरात अनेक डबे, पाकिटे आणि गोठवलेली ताटे तपासून पक्के करत गेले. इतके दिवस हे अन्न विश्वासाने खाल्ल्यावर त्याचा हिशेब नीट मांडणे मला कर्तव्यासारखे वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी पदार्थाविषयी थोडे. मराठीत चिली म्हटले की डोळ्यांपुढे मिरची येते, पण इथे तो शब्द टेक्सासच्या मांसाच्या दाट, तिखट रश्श्यासाठी वापरला आहे. सॅन अँटोनियोच्या चौकांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायका हा रस्सा विकायला बसत, आणि १९७७ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने त्याला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवले. तिथले जुन्या वळणाचे खवय्ये चिलीत घेवडा घालणेसुद्धा मान्य करत नाहीत, त्यामुळे व्हेजिटेरियन चिली हा त्यांच्या दृष्टीने शब्दाचाच विरोधाभास आहे. हा वाद चवीपुरता नाही, तो कायद्यातही उतरलेला आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमानुसार डब्यावर चिली कॉन कार्ने, म्हणजे मांस घातलेली चिली, असे लिहायचे असेल तर कच्च्या मांसाच्या वजनाने हिशेब करून किमान ४० टक्के मांस असावे लागते, आणि घेवडा घातलेल्या चिली कॉन कार्नेत किमान २५ टक्के. मांसविरहित चिलीसाठी असे कोणतेही प्रमाण ठरलेले नाही. ती कृषी खात्याऐवजी अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या, कक्षेत येते आणि तिच्यात घेवडा किती असावा, पाणी किती असावे, याची काहीही अट नाही. म्हणून दोन कंपन्यांच्या व्हेजिटेरियन चिलीत पोषणाच्या दृष्टीने बरेच अंतर असू शकते, आणि लेबल वाचण्याला पर्याय उरत नाही.

मी वाचलेल्या डब्यांवरून एक सर्वसाधारण चित्र असे उभे राहते. एक कप, म्हणजे सुमारे २४५ ग्रॅम चिलीत २०० कॅलरी, ३ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि त्यातले अवघे अर्धा ग्रॅम संपृक्त, ३३ ग्रॅम कर्बोदके, त्यातले १० ग्रॅम तंतू, २ ग्रॅम वरून घातलेली साखर, १२ ग्रॅम प्रथिने आणि मिठातून येणारे ६८० मिलिग्रॅम सोडियम. प्रत्यक्षात कॅलरी १८० पासून २६० पर्यंत आणि सोडियम ५०० पासून ९०० पर्यंत सापडते, पण आकड्यांची एकमेकांशी असलेली प्रमाणे फारशी बदलत नाहीत, आणि मला सांगायचे आहे ते या प्रमाणांविषयीच.

लेबलवरचे टक्के दिवसाला २००० कॅलरी गृहीत धरून काढलेले असतात. तेव्हा २०० कॅलरीचा कप म्हणजे दिवसाच्या ऊर्जेचा बरोबर दहावा हिस्सा. या दहाव्या हिश्श्यात तंतू किती येतात? दिवसाचे प्रमाण २८ ग्रॅम, त्यातले १० ग्रॅम, म्हणजे ३६ टक्के. आणि सोडियम? दिवसाची मर्यादा २३०० मिलिग्रॅम, त्यातले ६८०, म्हणजे ३० टक्के. ऊर्जेच्या मानाने तंतू साडेतीन पट येतात आणि मीठ तीन पट येते. डब्याचा गुण आणि डब्याचा दोष दोन्ही जवळजवळ एकाच मापाचे आहेत. मी इतकी वर्षे पहिलाच आकडा पाहत होते.

तंतूंच्या बाबतीत हा गुण खरोखर मोठा आहे आणि तो कमी लेखावा असे मला वाटत नाही. अमेरिकेच्या २०२० ते २०२५ च्या आहार मार्गदर्शनात नमूद केले आहे, की ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया आणि ९७ टक्के पुरुष शिफारशीइतके तंतू खात नाहीत. अशा देशात एका कपातून दहा ग्रॅम तंतू देणारे, कपाटात दोन वर्षे टिकणारे आणि तीन मिनिटांत गरम होणारे अन्न फार थोडे आहे. शिवाय हे तंतू एकाच प्रकारचे नाहीत. घेवड्याच्या सालीतले न विरघळणारे तंतू आतड्याची हालचाल नीट ठेवतात, गरातले विरघळणारे तंतू कोलेस्टेरॉल कमी करण्यास हातभार लावतात, आणि काही पिष्टमय भाग लहान आतड्यात न पचता पुढे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत पोचतो. रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्कराही तिथेच पोचतात, कारण त्या तोडणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नसते. पोट फुगण्याचे मूळ तेच. ज्यांना घेवड्याची सवय नाही त्यांनी पहिल्याच दिवशी पूर्ण डबा न खाता अर्ध्या कपापासून सुरुवात करावी. काही आठवड्यांत बहुतेकांचे पोट या अन्नाला सरावते.

प्रथिनांच्या ओळीत एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. बाकी बहुतेक घटकांपुढे टक्के छापलेले असतात, प्रथिनांपुढे मात्र ती जागा बऱ्याचदा रिकामी असते. कारण असे, की प्रथिनांचा दावा ठळकपणे केला नसेल तर तो टक्का छापण्याची सक्ती नाही, आणि छापायचा झाला तर प्रथिनांची गुणवत्ता हिशेबात धरावी लागते. ही गुणवत्ता प्रथिनांची पचनक्षमता आणि त्यांतली आवश्यक अमिनो आम्ले यांवरून ठरते. राजम्याची गुणवत्ता साधारण दोन तृतीयांश भरते, कारण त्यात लायसिन भरपूर असले तरी मेथिओनिन कमी असते. म्हणजे १२ ग्रॅम प्रथिने हिशेबात ८ ग्रॅम धरली जातात आणि दिवसाच्या ५० ग्रॅमपैकी १६ टक्केच भरतात. यावरून घेवड्याची प्रथिने निकृष्ट आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. धान्यात नेमके उलट असते, मेथिओनिन पुरेसे आणि लायसिन कमी, त्यामुळे भात, मका किंवा गव्हाचा कोणताही पदार्थ त्याच दिवशी पोटात गेला की उणीव भरून निघते. तो एकाच घासात जावा अशीही गरज नाही.

काही डब्यांत मांसाचा पोत आणण्यासाठी सोयाचे दाणेदार तुकडे घातलेले असतात. तेल काढून घेतलेले सोयाचे पीठ यंत्रातून उष्णता आणि दाब देऊन बाहेर काढले, की ते फुगून असे तुकडे बनतात. हे पीठ वजनाने जवळजवळ निम्मे प्रथिनच असते आणि त्याची गुणवत्ताही चांगली असते, त्यामुळे अशा चिलीत कपाला १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने सहज मिळतात. पण या तुकड्यांना स्वतःची चव नसते, ती आणण्यासाठी यीस्टचा अर्क, माल्टोडेक्स्ट्रिन, स्वाददायी द्रव्ये आणि मीठ लागते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणून मी पहिली चार-पाच नावे आवर्जून वाचते. पाण्यानंतर लगेच घेवडा आणि टोमॅटो आले तर मला समाधान वाटते. पाणी, टोमॅटोची पेस्ट, स्टार्च आणि मग कुठे घेवडा, असा क्रम असेल तर तो रस्सा मुख्यतः दाट केलेले पाणी आहे हे उघड आहे, आणि तंतूंचा आकडाही मग सहा-सातवर घसरलेला दिसतो.

घटकांच्या यादीत ज्यांना पथ्य पाळायचे आहे त्यांनी आणखी एक पाहावे. व्हेजिटेरियन या शब्दाची एफडीएने कायदेशीर व्याख्या केलेली नाही. डब्यात दूध किंवा अंड्याचा अंश असू शकतो, गव्हाचे ग्लुटेन असू शकते. मात्र दूध, अंडे, गहू, सोया यांसारखे प्रमुख ॲलर्जीकारक घटक २००४ च्या कायद्यामुळे स्पष्ट शब्दांत लिहावे लागतात, आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळही त्या यादीत आला आहे. म्हणून समोरच्या बाजूच्या हिरव्या पानाच्या चित्रापेक्षा मागच्या बाजूची ती ठळक ओळ विश्वासार्ह.

जीवनसत्त्वे आणि खनिजांची बाजू मिश्र आहे. एका कपातून साधारण ३ मिलिग्रॅम लोह आणि ७०० मिलिग्रॅम पोटॅशियम मिळते, दोन्ही दिवसाच्या प्रमाणाच्या १५ टक्क्यांच्या जवळपास. वनस्पतींतले लोह मांसातल्या लोहाइतके सहज शोषले जात नाही आणि घेवड्यातले फायटेट ते आणखी अडवते, पण सोबत क जीवनसत्त्व असेल तर शोषण वाढते. डबा बंद करून वाफेच्या दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवला जातो, त्यामुळे टोमॅटोतले क जीवनसत्त्व बरेच नष्ट होते, थायमिनही घटते. म्हणून गरम केलेल्या चिलीवर लिंबू पिळणे किंवा कच्ची ढोबळी मिरची चिरून घालणे हे केवळ चवीचे काम नाही, त्याने लोहाचाही उपयोग वाढतो. उलट टोमॅटोतले लायकोपीन हे लाल रंगद्रव्य उष्णतेने आणि थोड्या तेलाच्या संगतीत अधिक शोषले जाते, म्हणून डब्यातला शिजलेला टोमॅटो कच्च्यापेक्षा या एका बाबतीत वरचढ ठरतो. फोलेट पाण्यात उतरते, परंतु चिलीचा रस आपण खातोच, त्यामुळे ते वाया जात नाही. बी१२ मात्र या पदार्थात नाही. वरून घातलेले असेल तर लेबलवर तसे लिहिलेले असते, एरवी ते दुसरीकडूनच मिळवायला हवे.

त्याच उष्णतेचा एक फायदा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते, आणि राजमा मंद आचेच्या भांड्यात नीट न उकळता शिजवला तर ते टिकून राहते व उलट्या-जुलाबाचा त्रास होतो. डब्यातल्या राजम्यात ही भीती नाही. तो निर्जंतुकीकरणाच्या तापमानातून गेलेला असतो.

आता मिठाकडे. डॉक्टरांनी माझ्या डब्यावर बोट ठेवून पहिला प्रश्न विचारला तो असा, की हे आकडे एका कपाचे आहेत की पूर्ण डब्याचे? मी पूर्ण डबा खात होते आणि कपाचा आकडा वाचत होते. ४२५ ग्रॅमच्या डब्यात जवळजवळ पावणेदोन कप असतात, म्हणजे ६८० चे ११८० मिलिग्रॅम होतात, दिवसाच्या मर्यादेच्या निम्म्याहून अधिक. अमेरिकन हार्ट असोसिएशन रक्तदाबाची काळजी असलेल्यांना जी १५०० मिलिग्रॅमची आदर्श मर्यादा सांगते, तिच्या तर ते चार पंचमांश झाले. त्यावर मी दहा खारी बिस्किटे चुरून घालत असे आणि एक चकती चेडर चीज. ती धरून एका जेवणाचे १६०० मिलिग्रॅम होत होते, आणि हे सगळे मी आरोग्यदायी म्हणून खात होते.

सर्व्हिंगचा, म्हणजे लेबलवर एका वेळचे धरलेल्या प्रमाणाचा, हा घोळ कमी व्हावा म्हणून एफडीएने २०१६ मध्ये नियम बदलले, आणि मोठ्या उत्पादकांना ते १ जानेवारी २०२० पासून लागू झाले. प्रमाणित सर्व्हिंगच्या दुपटीपेक्षा कमी माल असलेले पाकीट आता एकच सर्व्हिंग धरायचे, आणि दुपटीपासून तिपटीपर्यंत माल असेल तर एका सर्व्हिंगचे आणि पूर्ण पाकिटाचे असे दोन स्तंभ शेजारी छापायचे, असा तो नियम आहे. बदल चांगला आहे. तरीही दोन डब्यांची तुलना करताना प्रथम वरची ओळ पाहावी, कारण एकावर आकडे कपाचे आणि दुसऱ्यावर डब्याचे असतील तर तेच अन्न एका ठिकाणी अळणी आणि दुसऱ्या ठिकाणी खारट भासेल. याच बदलात वरून घातलेल्या साखरेची वेगळी ओळ आली, जिच्यामुळे टोमॅटो-कांद्याची अंगची साखर आणि कारखान्यात घातलेली साखर वेगळी दिसू लागली. चिलीत ती दोन-तीन ग्रॅमच असते. तिच्याविषयी मला फार काळजी वाटत नाही.

सर्व्हिंगच्या गोंधळातून सुटण्याचा एक सोपा मार्ग मी वापरते. २३०० मिलिग्रॅमला २००० कॅलरींनी भागले तर कॅलरीमागे १.१५ मिलिग्रॅम सोडियम येते. म्हणजे दिवसभर खाल्लेल्या प्रत्येक पदार्थात सोडियमचा आकडा कॅलरीच्या आकड्याच्या आसपास असेल तर दिवसाची मर्यादा आपोआप पाळली जाते. हा भागाकार कपावर करा की डब्यावर, उत्तर तेच येते. ६८० भागिले २०० म्हणजे ३.४. दुकानात उभे राहून दोन डबे हातात घेतले की हा भागाकार मनातल्या मनात होतो. तीनच्या वर असलेला डबा मी परत ठेवते, अडीचच्या खाली असलेला घेते. फळे, भाज्या, बिनमिठाचे धान्य यांचे गुणोत्तर जवळजवळ शून्य असते, म्हणून दिवसात एखादा पदार्थ अडीचचा असला तरी बाकीच्या जेवणात तो सामावून घेता येतो.

हे मीठ टिकवण्यासाठी घालावे लागते, असा एक समज मी अनेकांकडून ऐकला आहे आणि तो बरोबर नाही. डबाबंद चिली टिकते ती हवाबंद डब्यातल्या उष्णतेच्या निर्जंतुकीकरणामुळे. मीठ काढून टाकले तरी ती तेवढीच टिकेल. मीठ असते ते चवीसाठी, कारण घेवड्याचा पिष्टमय गर चव मंदावतो आणि उच्च तापमानात मसाल्यांचा सुगंध उडून जातो. ती पोकळी भरण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मीठ. म्हणजेच ते कमी करणे हा कारखान्याच्या इच्छेचा प्रश्न आहे. अमेरिकेत प्रौढ माणूस दिवसाला सरासरी ३४०० मिलिग्रॅम सोडियम खातो आणि त्यातला ७० टक्क्यांहून अधिक भाग पाकीटबंद आणि उपाहारगृहातल्या अन्नातून येतो. एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्ये सरासरी ३००० पर्यंत आणण्यासाठी उद्योगांना उद्दिष्टे दिली, पण ती ऐच्छिक आहेत. ती सक्तीची असावीत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण घरच्या मिठाच्या डबीवर माझा ताबा आहे, कारखान्यातल्या कढईवर नाही.

साध्या डबाबंद घेवड्याच्या बाबतीत ग्राहकाच्या हातात एक उपाय असतो. डब्यातले पाणी ओतून घेवडा धुतला की सोडियम सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. चिली मात्र धुता येत नाही, कारण मीठ ज्या रसात आहे तो रस हाच पदार्थ आहे. म्हणून इथे निवडीच्या वेळीच सावध राहावे लागते, आणि लेबलवरचे शब्द तेव्हा जपून वाचावे लागतात. रिड्यूस्ड सोडियम म्हणजे त्याच प्रकारच्या मूळ पदार्थापेक्षा किमान २५ टक्के कमी. ६८० चे ५१० झाले तरी ते दिवसाच्या २२ टक्के आहे, आणि २० टक्के किंवा अधिक म्हणजे जास्त, ५ टक्के किंवा कमी म्हणजे कमी, असे एफडीए स्वतःच सांगते. लाइट इन सोडियम म्हणजे निम्मे, सुमारे ३४०, आणि मला हाच पर्याय खऱ्या अर्थाने उपयोगी वाटला. लो सोडियम म्हणजे एरवी सर्व्हिंगमागे १४० मिलिग्रॅम, पण मुख्य जेवणाच्या पदार्थासाठी ती मर्यादा दर १०० ग्रॅममागे मोजतात, त्यामुळे कपभर चिलीत ३४० च्या आसपास सोडियम असूनही तो शब्द वापरता येऊ शकतो. तेव्हा विशेषणावर न थांबता आकडा पाहावा.

कोरड्या मिश्रणाची पाकिटे आणि गोठवलेली ताटे यांविषयी थोडक्यात सांगते. कोरड्या मिश्रणात आकडे कोरड्या चमच्यांचे असतात आणि त्यात आपण घालणारा घेवडा-टोमॅटो धरलेला नसतो, म्हणून तयार पदार्थाचा वेगळा स्तंभ शोधावा. या मिश्रणाचा फायदा असा, की सांगितलेल्या पाकिटाऐवजी अर्धेच घालण्याचे स्वातंत्र्य आपल्याकडे राहते. गोठवलेल्या ताटात बहुधा चीज आणि मक्याचा पाव असतो, त्यामुळे संपृक्त चरबी वाढते आणि मीठही.

मांसाच्या डब्याशी तुलना केली तर व्हेजिटेरियन डबा संपृक्त चरबी, कोलेस्टेरॉल आणि तंतू या तिन्ही बाबतीत निश्चितपणे सरस आहे. मिठाच्या बाबतीत मात्र शाकाहाराने आपोआप काही साधत नाही, आणि माझी मुख्य चूक हीच होती, की चरबी कमी म्हणजे हृदयाला हितकर असे मी धरून चालले होते. रक्तदाबाच्या दृष्टीने चिलीतले पोटॅशियम नक्की मदत करते. रक्तदाब उतरवण्यासाठी आखलेल्या डॅश आहाराच्या १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फळे, भाज्या आणि कमी चरबीचे दुग्धपदार्थ वाढवून, सोडियम तेवढेच ठेवूनही रक्तदाब उतरला होता. पण २००१ मध्ये त्याच आहारासोबत सोडियमही टप्प्याटप्प्याने कमी केले तेव्हा तो आणखी उतरला. चांगले अन्न आणि कमी मीठ यांचे परिणाम एकमेकांना पूरक असतात, एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांच्यासाठी मात्र हेच पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते. एका डब्यात ते १२०० मिलिग्रॅमपर्यंत जाते, तेव्हा अशांनी आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ही चिली नेहमीच्या जेवणात घेऊ नये.

मी डबा सोडला नाही. आता मी तो एकटा खात नाही, वाढवते. एक डबा चिली, त्यात मीठ न घालता शिजवलेला एक कप राजमा आणि बिनमिठाच्या डबाबंद टोमॅटोचा एक कप. कपभर शिजलेल्या राजम्यात २२५ कॅलरी, १५ ग्रॅम प्रथिने, ११ ग्रॅम तंतू आणि केवळ २ मिलिग्रॅम सोडियम असते. सगळे मिळून ६१५ कॅलरी आणि सुमारे १२०० मिलिग्रॅम सोडियम होते, आणि त्याचे तीन भाग केले तर प्रत्येकात २०५ कॅलरी, ४०० मिलिग्रॅम सोडियम, दहा ग्रॅमहून थोडे अधिक तंतू आणि साडेबारा ग्रॅम प्रथिने येतात. म्हणजे ऊर्जा, तंतू आणि प्रथिने पूर्वीच्या एका कपाइतकीच राहिली आणि मीठ ६८० वरून ४०० वर आले. पातळ झालेली चव मी भाजलेल्या जिऱ्याची पूड, लसूण आणि शेवटी पिळलेल्या लिंबाने भरून काढते. अमेरिकी दुकानातली चिली पावडर वापरणार असाल तर तिचीही यादी वाचा, कारण ती शुद्ध मिरचीपूड नसून मसाल्यांचे मिश्रण असते आणि पुष्कळदा तिच्यातही मीठ असते. सोबत बिनमिठाचा अर्धा कप भात घेतला तर अमिनो आम्लांची जोडी पूर्ण होते, जेवण तीनशेच्या थोडे वर जाते आणि सोडियमचे गुणोत्तर १.३ पर्यंत खाली येते.

उरलेले दोन भाग झाकणाच्या काचेच्या भांड्यांत शीतकपाटात ठेवते आणि तीन-चार दिवसांच्या आत संपवते. गेल्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेले तेव्हा वरचा आकडा १२६ होता. त्यांनी चालणे आणि बाकीचे पथ्यही त्याला कारण असल्याचे सांगितले आणि ते खरेच आहे, पण डबा पुन्हा मागून घेऊन त्यांनी तीन भागांचा माझा हिशेब लेबलच्या शेजारी स्वतःच्या हाताने लिहून घेतला.